मामांची साडेसहाची गाडी

माईक हातात आला की माझ्या अंगात येतं. औरंगाबादेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्या थोर इतिहासकारांच्या सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. देश आपला भूतकाळ त्यांच्या पुस्तकांतून ओळखायचा. पण निजामी राजवट संपवणाऱ्या अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनला त्यांनी दिल्या होत्या अडीच ओळी. मी पत्रातून तसं डिवचलं, तर उत्तर आलं, "पाहिलेला माणूस दाखवा. ऐकायला येतो."

माणूस घरातच होता. फर्दापूरकडचे माझे मामा, मेंढरं राखणारे. लष्कर आल्यानंतरच्या चार दिवसांत गावात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचं काय केलं, हे त्यांनी मामीलाही सांगितलं नव्हतं. महिनाभर मागे लागलो, तेव्हा म्हणाले, "त्या लिव्हणाऱ्याला सांगीन. पर साडेसहाच्या मुक्कामाच्या गाडीनं माघारी जानार. मेंढरं हायेत."

कार्यक्रम चारला. मामा तिसऱ्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. सत्कार आटोपला की त्यांना मंचावर बोलवायचं ठरलं होतं.

पण हार घालणाऱ्या प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते. एका वक्त्याला मी चिठ्ठी सरकवली, 'आवरा'. त्यांनी ती मोठ्यानं वाचून हशा वसूल केला आणि आणखी पाव तास घेतला.

सहाला मामा उठले. मी मंचावरून खुणावलं, बसा. त्यांनी काठीनं दाराबाहेर उतरलेलं ऊन दाखवलं आणि गेले.

मग इतिहासकार उभे राहिले. "मी ऐकायला आलोय. ते गृहस्थ कुठे आहेत?"

मी तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

रविवारी गावी जाऊन मी सगळ्या वक्त्यांचा यथेच्छ उद्धार केला. मामा मेंढराच्या पायातला काटा काढत होते.

"लई बोलले, व्हय," ते म्हणाले. "पर भाचेबुवा, समद्यात पयले तुमीच उठले व्हते. पावण्याची वळख करून द्याया. माझ्या बाजूचा झोपून उठला, तरी तुमचं चालूच."

"बरं, आता मला सांगा. मी लिहून त्यांना पाठवतो."

"तुमाला?" काटा निघाला. "तुमी आयकता कवा?"

मी तोंड मिटून दिवस मावळेपर्यंत बांधावर बसलो. मामा मेंढरांशीच बोलले.

पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. ओळी अडीचच.