जळोचीच्या तात्यांची पकड

जळोचीच्या तात्यांनी माझा घोटा धरला नसता, तर मी उरलेली सगळी नोकरी कांदे सोलण्यात काढली असती. म्हणून त्यांचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं.

कारगिलची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचा तळ पुण्याजवळ. निम्मी पलटण वर डोंगरात लढायला गेलेली, मी उरलेल्यांत. शाळा आठवीनंतर सुटलेली, गाव लांब चंद्रपूरकडं, काम लंगरात, म्हणजे लष्कराच्या स्वयंपाकघरात. कबड्डीत चढाई बरी करायचो म्हणून तळाच्या संघात घेतलं होतं. महिनाअखेर लष्कराच्या मोठ्या संघासाठी निवड चाचणी होती. त्यात टिकलो तर खेळाडू, नाहीतर पुन्हा कढईपुढं उभा. या एका विचारानं मला धड जेवण जात नसे.

त्याआधी जवानांच्या कुटुंबांना मदत गोळा करायला बारामती-इंदापूर भागात सामने ठरले. लोणी भापकर, काटेवाडी, इंदापूर आणि शेवटी बारामती. आम्ही ट्रकमधून उतरलो की हलगी वाजायची, बायका ओवाळायच्या. मी अंग चोरून उभा राहायचो. बंदुकीपेक्षा झाराच जास्त धरलेला माणूस मी, मला कसलं ओवाळता?

आणि सामने? लोणीत मी एका चढाईत तिघांना शिवून आलो. काटेवाडीत चौघांना. इंदापुरात तर माझ्या अंगाला कुणाचा हातसुद्धा लागला नाही. आमचा कप्तान, साताऱ्याकडचा हवालदार, ट्रकमध्ये म्हणाला, "काय रं आठवी पास, पायाला तेल लावून येतोस का?" मला वाटलं, मारली चाचणी.

बारामतीला समोरच्या कोपऱ्यात पन्नाशीकडं झुकलेला एक माणूस उभा होता. मिशा पिकलेल्या, गुडघ्याला फडकं बांधलेलं. बारामतीलगतच्या जळोचीला भाजीपाला करायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. मनात आलं, जरा सांभाळून शिवावं, पडायचे बिचारे. त्यांच्याकडं उजवा पाय टाकला आणि पुढच्या क्षणी माझं तोंड मातीत. मोळीला दोर आवळावा तसा घोटा आवळलेला. दम कधी सुटला, कळलंच नाही.

पंचाची शिट्टीसुद्धा उशिरा वाजली. मग एकदम गलका झाला.

"तात्या, आवो जवान हाय त्यो!"

"सोडायचं ठरलं हुतं ना आपलं? समद्या गावांचं ठरलं हुतं!"

मी मातीत पालथा पडूनच ते ऐकलं. ठरलं होतं. लोणीचे तिघं, काटेवाडीचे चौघं, सगळे ठरवून शिवून घेत होते. लढाईच्या दिवसांत जवानाला कसं पाडायचं, म्हणून. आणि मी ट्रकमध्ये छाती फुगवून बसत होतो!

तात्या उठले. अंगावरची माती झटकत शांतपणे म्हणाले, "माजा पोरगा वर डोंगरात हाय. तितं त्याला कोन सोडतंय व्हय? मग म्या ह्याला कशापायी सोडू?"

हवालदारानं मान खाली घातली. मी उठलो आणि रेघेबाहेर जाऊन बसलो.

सामना हरलो. तात्यांनी मला आणखी दोनदा धरलं, तसंच. नंतर पाण्याच्या टाकीपाशी त्यांना गाठलं आणि का कोण जाणे, सांगून टाकलं, "तात्या, मी लढाईवर गेलोच नाही. लंगरात असतो."

"मग रं? जेवल्याबिगर कोन लढतंय?" ते हसले. "त्ये ऱ्हाऊ दे. पाय टाकायच्या आदी तू त्या पायाकडं बगतोस. आंधळ्यालाबी कळंल, कुटनं येनार ते. तीन गावं खेळलास, एकानंबी न्हाय सांगितलं?"

कोण सांगणार? सगळे मान देत होते.

ट्रक सुटेपर्यंत त्यांनी मला त्याच मातीत वीसेक वेळा पाडलं. "वर बग. माज्या डोळ्यात बग." शेवटच्या खेपेला शिवून सुटलो, तर एवढंच म्हणाले, "आता जा."

चाचणीत माझं नाव लागलं. यादीत शेवटून दुसरं, पण लागलं.

मात्र त्यांच्या पोराचं नाव विचारायचं राहिलं. पुढं कित्येक दिवस पेपरात शहिदांची नावं यायची, गाव नाही, नुसता जिल्हा. पुणे जिल्हा दिसला की तिथंच अडायचो, आणि नाव वाचूनही काही कळायचं नाही. त्याच भीतीनं इतकी वर्षं जळोचीची वाट धरली नाही.

पण जाणार. दारात पोरगा दिसला, तर त्याला मैदानात उभा करून, तात्यांनी मला धरलं तसा पकडीन, सोडणार नाही. नाही दिसला, तर तात्यांच्या वाफ्यांना पाणी द्यायला, भाजी काढायला, सांगतील त्या कामाला राहीन. फेडीन, तात्या.