परबीणीचा अर्धा र

भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर सुलक्षणा परबचं टायपिंगचं दुकान आहे. पाटीवर काहीही असो, लोक 'परबीणीकडे' म्हणतात. बाई कुडाळाकडची. बोलणं सुक्या बांगड्यासारखं, खारट आणि टिकाऊ.

दुकानात एकच कॉम्प्युटर. पिवळा पडलेला डबा, आतला पंखा घुरघुरतो. विंडोज एक्सपी. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं चालूच असतात. पण वर्षाचं मोठं काम म्हणजे गावच्या मुंबईकर मंडळाची जत्रेची पत्रिका. ती बघूनच बाकीच्या गावांची माणसं येतात. ते काम गेलं तर दुकानाला कुलूप, हे तिला ठाऊक.

मंडळाचा सचिव सिद्धेश दरसाल म्हणायचा, "वयनी, नवो मशीन घे."

"माजी अक्षरां ह्यातच आसत."

ते खरंच होतं. तिचा मराठी फॉन्ट जुन्या बनावटीचा, नव्या मशीनवर बसत नव्हता.

गेल्या साली तिनं पत्रिका जुळवली, पीडीएफ केली आणि पेनड्राइव्हवर घालून मरोळच्या एका छापखान्यात धाडली. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलीच्या पोटात भरावा लागतो. तो राहिला. छापखान्याच्या मशीननं त्याच नावाचा आपला फॉन्ट लावला, त्यात 'ऱ्हा'मधला अर्धा र नव्हता. तपासायला त्यांनी फाइल परत पाठवली, तर ती नव्या बनावटीची फाइल परबीणीच्या जुन्या मशीनवर उघडेचना. मोबाइलवर बघावी तर चष्मा घरी. बाईनं फोन लावला. "बराबर आसा, छापा."

छापून आलं: 'सायंकाळी श्री देव रवळनाथास गाहाणे'.

गाऱ्हाणं म्हणजे जत्रेत गावचा मानकरी, गावकर, सगळ्या गावासाठी देवाकडे मागणं मागतो, आणि दर वाक्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. र गेला आणि मागण्याचं गहाण झालं.

सिद्धेश गठ्ठा घेऊन दुकानात आला. "वयनी, देवाक गहाण टाकलंस?"

"माजी मूळ फाइल माज्या कॉम्प्युटरार बघ, बराबर दिसता."

"जत्रा तुज्या कॉम्प्युटरार भरतली काय?"

"फॉन्ट भरूचो रवलो रे."

"मग तू नि तुजो फॉन्ट ऱ्हवा हयच. फुडल्या वर्सा काम चारकोपच्या टायपिंगवाल्याक देतलंव."

परबीण रडली-बिडली नाही. जत्रेला गेली, नारळ घेऊन रांगेत उभी राहिली, आणि पाळी आल्यावर गावकराच्या कानाशी लागली. गावकरानं मिशीवर हात फिरवला आणि सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकीच्या हातसून अर्धो र गळलो..."

"व्हय म्हाराजा." लोक हसत होते.

"चुकला-माकला पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा."

"आणि फुडल्या वर्सा पत्रिकेचा काम हिच्याच हातसून बरा करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सिद्धेश पुढेच उभा होता. लहानपणापासूनची सवय, त्याचाच 'व्हय' सगळ्यांत मोठा निघाला. मग त्यानं तोंड मिटलं, पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं होतं.

देवासमोरचा होकार मोडायला मंडळात कोण धजणार? यंदाचं काम परबीणीकडेच आलं. मशीन तेच. फॉन्ट मात्र ती भरते, आणि छापखान्याकडून नमुना कागदावर मागवते.

सिद्धेश गठ्ठा न्यायला आला तेव्हा त्यानं आधी तो एकच शब्द शोधला.

"आसा मां?" तिनं विचारलं.

"आसा."

"मग व्हय म्हाराजा म्हण नि गठ्ठो उचल."