तिचा शेपटा आणि माझी कात्री

कोपरगावच्या मुलींच्या शाळेत मी नववीत होते, तेव्हाची ही गोष्ट. साल एकाहत्तर. त्यानंतर शिक्षण झालं, नोकरी झाली, माझी मुलं मोठी झाली. तरी कुणी करड्या आवाजात "जरा इकडे या" म्हटलं की आजही मी आधी मनात खुलासा जुळवायला लागते. ही सवय कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे.

वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला होते. गाड्यांतून उतरवलेला ऊस यंत्राकडे सरकवायचं काम. आई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. आमचं घर बौद्ध झालेलं. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या पोटात होते. शाळेत तोंडावर कुणी काही बोलत नसे. पण पाण्याच्या पिंपाशी मी गेले की दोघी-तिघी बाजूला सरायच्या. डबा खायला बाकीच्या लिंबाखाली बसत, मी वर्गातच थांबे. त्याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे दुखत नव्हतं असं नाही.

ती दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात आली. तिचे वडील कालव्याच्या खात्यात साहेब, नाशिकहून बदलून आलेले. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती मुलगा झाल्यावरही अजून परतली नव्हती. मुलगी बारीक होती, गोरी होती आणि तिचा शेपटा कमरेखाली जायचा. पहिल्या दिवशी वर्गात शिरली, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. त्या बाकावर माझ्या शेजारी आपण होऊन कुणी बसल्याची ती पहिलीच वेळ. मी तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं मला झालं.

ती बोलायची फार छान. तिचे मामा आगबोटीवर होते म्हणे. तिच्या हृदयाला भोक होतं म्हणे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही मुलगी फार दिवसांची सोबती नाही. हे ती डोळ्यांत पाणी न आणता सांगायची, त्यामुळे जास्तच खरं वाटायचं. मी तिचं दप्तर उचलायचे, तिच्या वह्या उतरवून द्यायचे. आठवड्यातून एकदा तरी ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडायची. मग बाई धावायच्या, कुणी वारा घालायचं, कुणी कांदा हुंगवायचं, आणि ती डोळे उघडून विचारायची, "मी कुठे आहे?"

एकदा ती पडली ती उठेचना. तिला टांग्यात घालून माझ्या आईच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पापण्या वर करून पाहिल्या आणि तिच्या वडिलांना सांगितलं, "साहेब, मुलीला काहीही झालेलं नाही. हृदय ठणठणीत आहे. घरात कुणाशी बोलते का ती?" आई तेव्हा तिथे चादर बदलत होती. तिने हे ऐकलं, आणि आई ऐकते आहे हे त्या मुलीने पाहिलं.

संध्याकाळी आईने मला सांगितलं आणि वर बजावलं, "कुनाला बोलू नको. पोरीला आईची सय येत आसंल."

मी बोलले. एकीलाच, पण बोलले. "तिला काही भोक-बिक नाही," असं मी पिंपाजवळ एका मुलीला हसत हसत म्हटलं. दोन दिवसांत ते वर्गभर झालं. पुढच्या वेळी ती प्रार्थनेला पडली तेव्हा मागच्या रांगेतून खुसखुस ऐकू आली. ती आपली आपण उठली, फ्रॉक झटकला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्या मागच्या बाकावर बसू लागली. मी पिंपाजवळ काय बोलले, ते पुढे मुख्याध्यापिकांना मी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ते घडलं. मधल्या सुट्टीनंतर शिवणाचा तास होता. माझी काजं राहिली होती, म्हणून डबा खाऊन मी तीच करत बसले होते. माझी कात्री लहान होती, आणि अंगठ्याला रुतायची म्हणून आईने तिच्या मुठीला हिरव्या चिंधीची पट्टी गुंडाळली होती. अख्ख्या वर्गात तशी कात्री दुसरी नव्हती. ती मुलगी मागच्या बाकावर डोकं टेकून पडली होती. डोकं दुखतंय, असं तिने लिंबाखाली जाणाऱ्या मुलींना सांगितलेलं मी ऐकलं होतं. आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. मी कात्री बाकावर ठेवली आणि डबा धुवायला, पाणी प्यायला गेले.

परत येत होते तोच किंकाळी ऐकू आली. मी दारात पोचले तेव्हा ती उभी होती. तिचा शेपटा मानेपासून तुटून तिच्या हातात होता, खाली लाल रिबिनीचं फूल तसंच बांधलेलं. माझी कात्री तिच्या पायाशी पडली होती. माझ्यामागून मुली धावत आल्या. तिने माझ्याकडे बोट केलं.

"मी झोपले होते. हिने मागून येऊन एका झटक्यात कापला. मला कळलंसुद्धा नाही."

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कात्री कुणाची?"

"माझी."

"वर्गात कोण कोण होतं?"

"आम्ही दोघीच."

"मग तिने स्वतःचे केस स्वतः कापले, असं म्हणायचंय का तुला?"

मला तसंच म्हणायचं होतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर इतकं अशक्य वाटलं की माझा आवाज फुटेना. कमरेखाली जाणारे केस कुठली मुलगी आपल्या हाताने कापेल? मी गप्प राहिले. गप्प राहिलेली पोर गुन्हेगार दिसते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आईला घेऊन ये आणि दाखला घेऊन जा."

ते तीन दिवस मी घरातच होते. वडिलांनी एकच विचारलं, "तू केलंस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग झालं," आणि पाळीवर निघून गेले. पण ते जेवले नव्हते. भाकरी टोपल्यात तशीच होती. मी एकटी बसून तो प्रसंग इतक्या वेळा मनात आणला की माझाच हात मला दिसायला लागला. वाटायचं, खरंच मी केलं असेल आणि विसरले असेन तर?

गुरुवारी आई धुतलेलं नऊवारी लुगडं नेसून माझ्याबरोबर आली. मोठ्या बाईंच्या खोलीत ती मुलगी आपल्या वडिलांबरोबर खुर्चीवर बसली होती. मानेभोवती तुटके, वेडेवाकडे केस, त्यांवर रुमाल. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. दाखल्याचा कागद टेबलावर होता. मोठ्या बाई सही करणार एवढ्यात शिवणाच्या बाई आत आल्या.

या बाई अबोल होत्या. मुलींच्या टाक्यांशिवाय त्या कशावरच बोलत नसत. त्यांच्या एका हातात माझी कात्री होती आणि दुसऱ्या हातात काळ्या लोकरीची घट्ट विणलेली, मनगटाएवढी जाड वेणी.

"मोठ्या बाई, दोन मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "कसं झालं ते परत सांग बरं."

तिने सांगितलं. तेच शब्द. झोपले होते, एका झटक्यात, कळलंसुद्धा नाही.

शिवणाच्या बाईंनी वेणीचं एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि कात्री तिच्या वडिलांपुढे धरली. "साहेब, तुम्हीच कापा. एका झटक्यात."

साहेबांनी कात्री घेतली. पात्यांत वेणी मावेचना. त्यांनी जोर लावला, कात्री वाकडी होऊन अडकली. पुन्हा लावली. थोडी लोकर तुटली, खुर्ची हलली. ते ओठ दातांत धरून कापत राहिले. प्रत्येक वेळी खुर्ची कुरकुरत पुढे ओढली जात होती. निम्मी वेणी झाली आणि ते थांबले. कपाळावर घाम आला होता.

"झोपलेल्या माणसाला हे कळणार नाही?" शिवणाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुढून एका हाताने शेपटा ताणून धरला, तर मात्र जमतं. वेळ लागतो, पण जमतं. मी काल घरी करून पाहिलं."

साहेब मुलीकडे वळले. "खरं सांग."

ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मग तिचे डोळे फिरले आणि ती खुर्चीवरून खाली पडली.

या वेळी कुणी धावलं नाही. तिचे वडीलसुद्धा जागचे हलले नाहीत. मीही उभीच होते. शेवटी माझी आई पुढे झाली, खाली बसली आणि तिची नाडी धरली.

"काय न्हाई झालं," आई म्हणाली. मग वाकून तिच्या कानाशी बोलली, "ऊठ बाळा. कुनी मारनार न्हाई तुला. ऊठ."

ती उठून बसली आणि रडायला लागली. ते रडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं. "मीच कापला," एवढं तिने सांगितलं.

साहेब तिला घेऊन गेल्यावर मोठ्या बाईंनी दाखला फाडला. "जा वर्गात," त्या मला म्हणाल्या.

आई हलली नाही. "बाई, हे समद्या पोरींसमोर सांगा. परार्थनेला सांगा."

"अहो, असं कसं? साहेबांच्या मुलीची बदनामी होईल. तिचं सगळं आयुष्य जायचंय."

"माझीबी मुलगीच हाय," आई म्हणाली.

मोठ्या बाईंनी समोरचं रजिस्टर उघडलं. प्रार्थनेच्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सांगितलं ते शिवणाच्या बाईंनी, आपल्या तासाला. वर्गात मला उभं केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिने काही केलेलं नाही. शेपटा जिचा होता तिनेच कापला. मी स्वतः ऐकलंय. आता हेमचा टाका घ्या." आणि फळ्याकडे वळल्या. त्याबद्दल त्यांना मोठ्या बाईंचं ऐकून घ्यावं लागलं असणार, पण ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्याने सगळं निस्तरलं असं म्हणता येत नाही. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. चांगली होती, मला गणितं विचारायची. पण मी मागे येऊन बसले की ती आपली वेणी खांद्यावरून पुढे घ्यायची. वर्ष संपेपर्यंत घ्यायची. तिच्या लक्षातही येत नसावं.

शेपटा कापलेली ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. नाशिकला आजीकडे पाठवणार असं कानावर आलं. जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती आमच्या घरी आली. एकटी, चालत. आमच्या वस्तीत तिच्यासारखी पोर कधी आली नव्हती. बायका दारांत येऊन बघत होत्या. मी आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आलेच नाही. कुडाच्या फटीतून मला ती दिसत होती.

आईने तिला पोत्यावर बसवलं आणि चहा दिला. तिने चहा घेतला, याचंच मला नवल वाटलं. बशीतल्या चहावर ती फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "केस कापले तेव्हा बाबा दोन दिवस ऑफिसला गेले नाहीत. माझ्या उशाशी बसून होते. आईला तार केली त्यांनी."

"आली का आई?"

"नाही. बाळाला ताप होता."

ती मुलगी आतल्या दाराकडे बघत राहिली. मी आहे हे तिला कळलं असावं. माफी वगैरे तिने मागितली नाही. मागितली असती तर मी बाहेर गेले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. चहा संपल्यावर तिने कपबशी स्वतः विसळून पालथी ठेवली आणि आई तिला सडकेपर्यंत पोचवायला गेली.

परत आल्यावर आई मला म्हणाली, "एक शबूद तरी बोलायचा हुता."

मी म्हटलं, "मी का बोलू?"

आईने जरा विचार केला. "व्हय," ती म्हणाली, "तेबी खरंच हाय," आणि दवाखान्यात जायची वेळ झाली म्हणून लुगड्याचा पदर खोचून निघून गेली.