सारखेसरांचं माप

सारखेसरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण आमच्या वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांत ते कुणी वापरलं नाही. कॉम्प्युटर तपासायला बसले की आधी खिशातून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या काढायचे आणि प्रत्येक मशिनवरचं कंपनीचं नाव झाकायचे. "नाव दिसलं की डोळा लबाडी करतो. सगळ्यांना सारखं!" दर दोन वाक्यांनी हे 'सगळ्यांना सारखं' यायचंच, म्हणून सारखेसर.

ते डोंबिवलीचे, पोरांना मशिनचं ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. मी चौथी शिकलेला. पण प्लास्टिकच्या बादल्यांचे साचे माझ्यासारखे इस्टेटीत कुणी बनवत नव्हतं, हे आजही छाती ठोकून सांगतो. नव्वद साल उलटलं तेव्हा आम्ही छोट्या कारखानदारांनी ठरवलं की ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची आणि मशिनं मिळून घ्यायची. विकणारे येऊ लागले. एकाच्या पडद्यावर मोटार गरगर फिरायची, दुसऱ्याच्या पडद्यावर पृथ्वी. प्रत्येकाचं मशिन सगळ्यात वेगवान! मग पारख करायला आम्ही सरांना बोलावलं. सर म्हणाले, "प्रत्येक जण आपापल्या अंगणात नाचून दाखवतोय. मी सगळ्यांना एकाच अंगणात नाचवतो." म्हणजे चित्रं आमच्या कामाची, सगळ्या मशिनांवर तीच, आणि सरांच्या हातात घड्याळ.

विकणाऱ्यांचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. घरून थर्मास आणायचे. मी चिडवायचो, "अहो सर, चहानं काय होतंय?"

"चहानं काही होत नाही. नंतर 'नाही' म्हणायला जीभ जड होते."

मशिनांच्या परीक्षेत काय काय घ्यायचं ते ठरवायला आमची बैठक झाली. सगळे म्हणाले, रेघांची ड्रॉइंग. मी अडून बसलो. माझी बादली रंगीत, चकचकीत, फिरती दिसली पाहिजे. "नुसत्या रेघा काय, ती काय रांगोळी आहे?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "रोजच्या कामात रंग किती लागतो तुम्हाला? खरं सांगा."

"लागतो म्हणजे लागतो!"

माझा आवाज मोठा, बाकीचे गप्प बसले. सरांनी विश्वास ठेवला आणि निम्मे गुण रंगाला दिले.

आता शहाडच्या विलासचं सांगतो. एका खोलीत स्वतः कॉम्प्युटर जोडणारा तरणा माणूस. आमची ऑर्डर मिळेल या भरवशावर त्यानं होते नव्हते ते पैसे लावले होते. त्याचं मशिन रेघांना वाऱ्यासारखं पळालं. रंगीत बादली आली आणि चिखलात बैल रुतावा तसं रुतलं. पट्ट्या काढल्या तेव्हा विलास शेवटचा. मोठ्या कंपनीला ऑर्डर गेली. त्यानं मशिन उचललं, "बरोबर आहे सर, सगळ्यांना सारखंच होतं," एवढं म्हणाला आणि गेला.

काही महिन्यांनी सर कारखान्या-कारखान्यातून फिरले, मशिनं कशी चालतात बघायला. सगळीकडे रेघा. शेवटी माझ्याकडं आले, तर माझ्याही पडद्यावर रेघाच.

"आणि रंग?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे आले की लावतो," मी म्हणालो.

सर स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "चला, शहाडला जायचंय."

मी कशाला, असं म्हणणार होतो, पण गेलो. विलासनं जोडकाम बंद केलेलं. आता घरी बसून एका व्हिडिओवाल्याला लग्नाच्या कॅसेटींवर वधूवरांची नावं टाकून द्यायचा. आम्हाला बघून गडबडला. सर दारातच म्हणाले, "विलास, माझं माप चुकलं."

"अहो सर, असं काय बोलता! तुम्ही सारखंच मोजलंत की."

"सारखं मोजलं रे. बरोबर नाही मोजलं."

विलासनं सरांपुढं खुर्ची सरकवली. मग विचारलं, "पण रंग मागितला कुणी, सर?"

माझ्या जिभेवर आलेलं. सरांनी माझ्याकडं बघितलंदेखील नाही. "मागेना का कुणी. मोजायला मी बसलेलो ना?"

परतताना मी म्हटलं, "मला बोलू द्यायचं होतंत."

"अडवलं कुणी तुम्हाला?" ते म्हणाले. रागानं नाही. तेच लागलं.

पुढं सरांनी परीक्षा नव्यानं मांडली. आता ते कुणाला काय लागतं असं विचारत नसत, कामाच्या जागी बसून बघत. ती मांडणी बाहेरच्या कारखान्यांनीही मागून नेली. पण विलासची खोली काही पुन्हा उघडली नाही.

सर गेले तेव्हा डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. बायकामाणसं आत, आम्ही गॅलरीत. विलास आलेला, केस पिकलेले. मला ओळखून त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "काका, त्या दिवशी सरांबरोबर तुम्हीही माझ्या दाराशी आलेलात. इस्टेटीतलं दुसरं कुणी आलं नाही. मी विसरलो नाही."

हात सोडवून घ्यावेसे वाटले, पण त्यानं घट्ट धरलेले. सांगायची हीच वेळ होती. मला कुणी अडवलं नव्हतं.

मी म्हणालो, "आलेलो खरा."