धोंडुबाईंनी पदरचा घातलेला शब्द

धोंडुबाई आवळे सातवी शिकलेल्या, पण अक्षर असं की चर्चच्या मंडळीतल्या बायका चेष्टेनं म्हणायच्या, धोंडुबाईनं लिवलेलं वाचायला देवालाबी चष्मा लागायचा न्हाई. इस्लामपूरच्या अलीकडं एका गावाच्या कडेला तीस-पस्तीस ख्रिस्ती घरांची वस्ती आहे. तिथल्या चर्चमध्ये नववर्षाच्या सकाळी उपासना आटोपली की एक परडी फिरते. परडीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन. ज्याच्या हाताला जी लागेल, ते त्याचं वर्षाचं वचन. बावीस वर्षं या चिठ्ठ्या धोंडुबाईच लिहीत आल्या होत्या.

वचनं निवडायचीही त्यांनीच. रागाची, शिक्षेची वचनं त्या घेत नसत. वर्षाच्या पहिल्याच दिवशी कुणाच्या ताटात कडू कशाला वाढायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि चिठ्ठीत जागा उरली की एखादा गोड शब्द पदरचा घालत. त्यात आपण काही वावगं करतो असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. वाढताना हात सैल सुटतोच बाईचा.

सात वर्षांपूर्वी परडी फिरली, तेव्हा त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी त्यांच्या हाताला लागली. मार्काच्या शुभवर्तमानातलं अगदी शेवटाकडचं वचन होतं ते. विश्वासानं आजाऱ्यावर हात ठेवला तर आजारी बरा होईल, अशा अर्थाचं. चिठ्ठीवर मात्र होतं, नक्की बरा होईल.

त्याच फेब्रुवारीत लेक सुवार्ता वाईहून माहेरपणाला आली. सातवा महिना होता. आल्या दिवशी नुसती मळमळ होती, सकाळी बघतात तर डोळे हळदीत बुडवल्यासारखे. शेजारच्या साळूबाईंनी काविळीची माळ आणून दिली, ती धोंडुबाईंनी परत केली. दुपारी जावई आला. शांतवन त्याचं नाव. वाई-महाबळेश्वर टॅक्सी चालवायचा. गाडी फाटकाशीच चालू ठेवून म्हणाला, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ या. धोंडुबाईंनी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली, बाहेर जाऊन गाडी बंद केली, आणि मुक्कामाला राहिला.

नऊ दिवस धोंडुबाईंनी लेकीच्या कपाळावरचा हात काढला नाही. दहाव्या दिवशी सुवार्ता असंबद्ध बरळायला लागली, तेव्हा कुठं मिरज गाठली. डॉक्टर उशिरा आणलंत एवढंच म्हणाले. आई आणि पोटातलं बाळ एकाच पेटीत गेलं.

त्यातून धोंडुबाई उठल्या त्या एका आधारावर. शब्द देवाचा होता. त्यानं दिला आणि त्यानंच मोडला, तर जाब त्याला विचारायचा. आपण थांबलो ते त्याच्या सांगण्यावरून थांबलो. रोज पहाटे त्या गुडघे टेकून हा जाब विचारत, आणि उत्तर आलं नाही तरी चुलीपुढं बसायला बळ येई.

गेल्या वर्षी मंडळीला नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले, लोंढे नावाचे. शिकलेला, सरळ माणूस. बुधवारच्या बायकांच्या वर्गात त्यांनी शुभवर्तमानं आपल्यापर्यंत कशी पोचली ते समजावून द्यायला घेतलं. छापखाना नव्हता, हातानं उतरवून काढायचे, उतरवणाऱ्याचा डोळा चुकायचा, ओळ गळायची. पण इतक्या प्रती सापडल्यात की एकीची चूक दुसरीवरून कळते, आणि बहुतेक फरक किरकोळ. बायकांनी माना डोलावल्या. मग पाळक म्हणाले, दोन-तीन जागा मात्र मोठ्या आहेत. मार्काचा शेवट घ्या. सगळ्यांत जुन्या ज्या दोन पूर्ण प्रती आहेत, त्यांत शेवटच्या बारा ओव्या, म्हणजे वचनं, नाहीतच. घाबरलेल्या बाया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळून जातात, तिथंच मार्क थांबतो. पुढचं मागाहून जोडलेलं असावं, असं बहुतेक जाणकार मानतात.

धोंडुबाईंनी विचारलं, "आजाऱ्यावर हात ठेवायचं वचन कुठं येतं?"

"त्या बारांतच, मावशी."

"मग ते कुणी लिवलं?"

पाळकांनी खरं ते सांगितलं. "नाव ठाऊक नाही. कुणीतरी भाविकच असणार. भ्यायलेल्या बायांवर गोष्ट संपते हे त्याला बघवलं नसेल. वाचणाऱ्याला धीर यावा म्हणून लिहिलं असेल."

बाकीच्या बायका चहाच्या तयारीला उठल्या. धोंडुबाई बसूनच राहिल्या. त्या कुणा भाविकाला त्यांनी पुरतं ओळखलं होतं. त्यानं ओव्या घातल्या, आपण 'नक्की' घातलं. देवाच्या नावावर दोघांनीच परस्पर कारभार केला, आणि मधल्यामधे लेक गेली. जाब ज्याला विचारत होतो त्यानं तर तोंडच उघडलं नव्हतं. पाळकांनी नंतर घरी येऊन सांगून बघितलं, की प्रभू उठला हे बाकीच्या शुभवर्तमानांत आहेच, तुमचा विश्वास काही या बारा ओव्यांवर उभा नाही. धोंडुबाई म्हणाल्या, व्हय, माझा न्हाई, पर माझी पोर उभी हुती.

आता एकच काम उरलं होतं. शांतवनला सांगायचं. त्यानं चिठ्ठी वाचून गाडी बंद केली होती; ती कुणाच्या शब्दावर बंद केली हे त्याला कळायलाच हवं. मग तो शिव्या घालो, दारातून हाकलो. कराडला, साताऱ्याला एसटी बदलत त्या वाईला पोचल्या. शांतवननं पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. बारा ओव्यांचंही आणि 'नक्की'चंही.

शांतवननं तांब्या पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"आत्या, मला तवाच ठावं हुतं."

धोंडुबाईंना कळेना.

"अक्षर तुमचं हाय, हे काय मला दिसत न्हवतं व्हय? म्हणून तुमच्याच घरातलं शास्त्र उघडून बघितलं. त्यात नक्की न्हवतं. खाली बारीक अक्षरात टीप हाय, जुन्या परतींत ह्यो भाग न्हाई म्हणून. ती बी वाचली."

"मग बोलला का न्हाईसा, जावईबापू?"

"सुवार्ताला बोललो. ती म्हणली, मलाबी म्हाईत हाय, आई शब्द घालती. पर तिचा हात माझ्या डोक्यावर हाय, त्यो मला काढाय लावू नगा. आईला दुखवू नगा."

रस्त्यावरून महाबळेश्वरच्या गाड्या जात होत्या. धोंडुबाईंनी पदर सावरला, सोडला, पुन्हा सावरला.

"कितव्या दिवशी म्हणली?"

"तिसऱ्या."

तिसऱ्या दिवशी सुवार्ता अजून आपल्या पायांनी अंगणात येत होती. गाडी फाटकाशी उभी होती. मिरज तास-दीड तासाची वाट.