चरबी वितळण्याचं शास्त्र

दुबईत आलेल्या मराठी माणसाचं पहिल्या दोन वर्षांत पोट सुटतं. गावी सुट्टीवर गेलं की तेच पोट बघून लोक म्हणतात, चांगलं चाललंय. माझंही चांगलं चाललं होतं. जबल अलीच्या एका गोदामात मी स्टोअर सांभाळायचो, कंपनीच्या बसमधून झोपत जायचो, झोपत यायचो आणि बर दुबईच्या फ्लॅटवर परतलो की बायको पुढ्यात ठेवेल ते संपवायचो. मग नवं शतक उजाडलं आणि आपण बारीक व्हायचं, असं मी ठरवलं.

ठरवणं मला नेहमीच जमतं. या वेळी मात्र कधी नव्हे ते वजनही उतरायला लागलं. खाडीकाठाने अब्र्याच्या, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीच्या, धक्क्यापर्यंत जायचं, धापा टाकत बाकावर बसायचं आणि परत यायचं, एवढाच माझा व्यायाम. पण जेवायला बसलो की चार घासांतच पोट तट्ट व्हायचं. बायकोला वाटलं, मला तिच्या हातचं आवडेनासं झालं. मी तिला म्हणालो, "याला संयम म्हणतात." शाळकरी मुलगी मराठीला इंग्रजीतच उत्तर द्यायची. ती म्हणाली, "बाबा, यू जस्ट लुक टायर्ड." तिला संयमाचा अर्थ माहीत नसणार, असं समजून मी विषय सोडून दिला.

घामाचंही माझ्याकडे उत्तर होतं. ऐन डिसेंबरात, एसी लावायचीही गरज नसताना, झोपेत माझा बनियन पिळून काढावा इतका ओला व्हायचा. मी म्हणायचो, दिवसभर चरबी सैल होते आणि रात्री वितळते. डाव्या बरगडीखाली पोट कडक लागत होतं. ते स्नायू. चालण्याने पोटाचे स्नायू एकाच बाजूला कसे येतात, हा प्रश्न माझ्यासारख्या हुशार माणसाला पडला नाही.

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारे रत्नागिरीकडचे एक चाचा होते. ते एकदा म्हणाले, "भाऊ, चेहरा उतरलाय तुमचा. डॉक्टरला दाखवा. यल्ला, उद्याच जा." चाचांचं पोट स्टिअरिंगला टेकायचं, त्यामुळे ते जळतात हे मी लगेच ओळखलं.

आमच्या मंडळींमध्ये माझी कीर्ती पसरली होती. बायका फोन करून बायकोला विचारायच्या, भाऊजी सकाळी काय खातात? शेवटी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ वाटायच्या आधी, माझं छोटंसं भाषण ठेवलं. मी संयमावर बोललो, चरबी वितळण्याचं शास्त्र सांगितलं आणि भरात येऊन पुढच्या रांगेतल्या दोघांना स्टेजवर बोलावून म्हटलं, इथे डावीकडे मारून बघा. त्यांनी भीतभीत बुक्की मारली. मला दुखलं, पण टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर बर दुबईतच दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरबाई माझ्यापाशी आल्या. घाम रोज येतो का, भूक कधीपासून कमी झाली, असं बारकाईने विचारायला लागल्या. मी सगळं खुलवून सांगितलं. "उद्या सकाळी दवाखान्यात याल?" त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या पेशंटसाठी माझी पद्धत हवी आहे, अशी माझी खात्री पटली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्यांनी मला टेबलावर झोपवलं, डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि हळूहळू पार बेंबीपर्यंत आणली.

"हे स्नायू नाहीत. ही पाणथरी आहे, प्लीहा. चांगलीच सुजलीय. ती जठराला दाबते, म्हणून तुम्हाला जेवण जात नाही. आणि लोकांना पोटावर बुक्क्या मारायला लावणं आजपासून बंद. ती फुटली असती."

मग रक्त घेतलं. लॅबवाल्याला आकडा बघून मशीन बिघडलंय असं वाटलं, म्हणून त्याने पुन्हा घेतलं. मशीन ठीक होतं. माझ्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्या होत्या. पुढे मोठ्या हॉस्पिटलात हाडातला मगज काढून तपासला आणि नाव कळलं: रक्ताचा कॅन्सर, सावकाश चालणारा. थकवा, घाम, उतरलेलं वजन, भरलेलं पोट. माझ्या भाषणातले सगळे मुद्दे त्याचेच होते. मला भयंकर भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतक्या लोकांना मी माझा आजार शिकवून आलो होतो.

निकाल ऐकायला बायको बरोबर होती. हॉस्पिटलातले अरब डॉक्टर शांतपणे इंग्रजीत सांगत होते. नवी गोळी आली आहे, रोज न चुकता घ्यायची, बऱ्याच जणांना चांगला गुण येतो, पण तुमचं काय होईल ते काही महिन्यांनी कळेल, इन्शाल्ला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आपण जगणार का, हे मला विचारायचं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"डॉक्टर, मग माझं वजन परत वाढणार का?"

ते म्हणाले, गोळी लागू पडली तर वाढेल.

बायकोने तिथेच, परक्या माणसासमोर, माझा हात दोन्ही हातांत धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"वाढू दे," ती म्हणाली. "दारात मावला नाहीत तरी चालेल मला."

डॉक्टरांनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मला काही केल्या इंग्रजीत सांगता येईना.