वाचून फाडा

आमच्या या कविमित्राइतका स्वतःच्या कवितेचा वैरी पुण्यात दुसरा नसेल. आणि पुण्यात कवितेचे वैरी काही कमी नाहीत. कविता झाली की ते ती पोस्टकार्डावर उतरवायचे, वहीतलं पान टरकावून टाकायचे आणि कार्ड मला पाठवायचे. खाली ठरलेली ओळ, 'वाचून फाडा. फाडल्याचं कळवा.' आमच्या घरांत अंतर दोन गल्ल्यांचं, रोज सकाळी मंडईत भेट. पण तिथे कवितेचा विषय काढायची सोय नाही. एकदा मेथी घेताना मी म्हणालो, "कालची फार आवडली." जुडी झटकत ते म्हणाले, "कार्ड टाका. इथे मेथीचं बोला." माझ्या कविता मात्र लाल शाईने खरडून परत यायच्या. 'शेवटच्या चार ओळी नसत्या तर कविता झाली असती.' राग यायचा, पण ओळी काढल्या की खरंच कविता व्हायची. वहिनी गेल्या त्या आठवड्यातही त्यांचं कार्ड आलं, खाली तीच ओळ. ते वाचून मला दिवसभर कोणाशी बोलवेना. तरी नेहमीप्रमाणे उत्तर लिहिलं, 'उत्तम. फाडली.' तीस वर्षं हेच लिहीत आलो आणि एकही फाडली नाही. सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यांत ठेवली होती.

यंदा त्यांच्या पंचाहत्तरीला मुलीने पुस्तक काढायचं ठरवलं. खराडीच्या ऑफिसातून रजा घेऊन आली बिचारी. मला समोर बसवून हे तिला म्हणाले, "कविता उरलेल्याच नाहीत. यांनी फाडल्या. हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही." पोरीचा चेहरा पडला. माझ्या हातातला चहा तसाच निवला. गप्प बसावं तर कविता जातात, बोलावं तर मित्र जातो.

दुसऱ्या दिवशी डबे नेऊन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वरचंच कार्ड उचललं, ते वहिनींवरचं निघालं. बराच वेळ वाचत राहिले.

"म्हणजे तीस वर्षं थापा मारल्यात."

"हो."

"बरं. या आता."

त्यानंतर ते मंडईत दिसेनात. मुलीचा फोन आला, "काका, बाबा पुस्तकाला हो म्हणालेत. पण तुमचं नाव काढलं की उठून आत जातात." खरं सांगतो, फार वाईट गेले ते दिवस. मेथीसुद्धा आणवेना.

परवा कार्ड आलं. अक्षर आता थरथरतं, कविता मात्र ताठ. खाली लिहिलं होतं, 'वाचून फाडा. या वेळी खरंच.'

मी लगेच उत्तर लिहून टपालपेटीत टाकून आलो, 'उत्तम. फाडली.' जुने डबे त्यांच्याकडेच राहिले, म्हणून येताना बाजारातून नवा घेतला. मुद्दाम मोठा घेतला.